सोमाजीनं केलेली जात

हिवरटोल्याच्या सोमाजी बारसागड्याला दोन गोष्टींवरून कोणी बोललेलं खपत नसे. एक त्याचा देव आणि दुसरा त्याचा कोंबडा. त्यातही देवावरून कोणी बोललं तर तो ऐकून घेई, कारण देव स्वतःचं बघायला समर्थ आहे असं त्याचं मत होतं. कोंबड्याचं तसं नव्हतं. कोंबडा त्यानं स्वतः घडवला होता.

चामोर्शीपासून दोन कोसांवर, जंगलाला पाठ लावून बसलेलं त्याचं गाव. घरची तीन एकर बांधी, त्यात धान. धान निघालं की पुढचे तीन महिने सोमाजी शेतकरी राहत नसे. जंगलाच्या कडेला जिथं कुठं कोंबड्यांच्या झुंजींचा कोंबडबाजार भरे, तिथं तो बगलेत कोंबडा घेऊन हजर. तो कोंबडा बघून समोरचा मालक आधी विचारी, 'सोमाजीचा आहे का?' हो म्हटलं की काहीजण आपल्या कोंबड्याच्या पायाला बांधलेली काती, ते धारदार पातं, सोडून सरळ घरी जात.

हा कोंबडा काही आभाळातून पडला नव्हता. वीस वर्षांपूर्वी एटापल्लीकडच्या झिंगू मडावीनं त्याला एक काळी तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, दिली होती, आणि सिरोंच्याच्या एका तेलुगू ट्रकवाल्यानं एक लाल कोंबडा. त्या जोडीची पिल्लं झाली आणि सोमाजीनं एक नियम केला. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला अंगणात सोडायचं आणि त्याच्या पुढ्यात ओलं पोतं धाडकन आपटायचं. जे पळालं ते त्याच आठवड्यात चुलीवर चढलं. जे मान वर करून पोत्यावर चालून गेलं ते राहिलं. पळाला तो रश्श्यात, टिकला तो वंशात. दरवर्षी हेच. वीस वर्षांनी जो कोंबडा उभा राहिला तो झिंगूच्या तलंगेसारखाही नव्हता आणि ट्रकवाल्याच्या कोंबड्यासारखाही नव्हता. उंच, तांबड्या मानेचा, काळ्याभोर शेपटाचा, मनगटाएवढ्या जाड पायांचा. वाघ आला तरी जागा न सोडणारा.

सकाळी मारोतीला उदबत्ती लावायची आणि मग कोंबड्यावरची डाल उघडायची हा त्याचा क्रम. कोंबडा देवानं बनवला, निवड देवानं आपल्यावर सोपवली, अशी त्याची समजूत होती. मोठा मालक शेत बटईनं देतो आणि मग बांधावर फिरकत नाही, तसं काहीतरी. या व्यवस्थेत देवालाही त्रास नव्हता आणि सोमाजीलाही.

१९८४च्या पावसाळ्यात त्याची पोरगी कांता दहावीला होती. गावात जिल्हा परिषदेची दहावीपर्यंतची शाळा, आणि तिथं त्या वर्षी विज्ञानाला नवे सर आले होते, वामनराव दुर्गे. वय तीसच्या आत, बोलणं हळू. गडचांदूरकडचे. बाप चुनखडीच्या खाणीत दगड फोडायचा. छप्पन्न साली आजोबांनी घरातले देव नदीत सोडले आणि दीक्षा घेतली, त्यामुळे सरांच्या घरी देवाचा विषय त्यांच्या जन्माआधीच निकालात निघालेला होता. गावानं त्यांना शाळेमागची खोली दिली. खोली चांगली होती. फक्त गावापासून जरा लांब होती, आणि ती लांब का आहे हे कोणी बोलत नव्हतं.

एके दिवशी कांता मधल्या सुट्टीत घरी आली आणि जेवताना म्हणाली की सरांनी आज वर्गात बाबांचं नाव घेतलं.

सोमाजीचा घास थांबला. कशावरून घेतलं?

धडा उत्क्रांतीचा होता. लाखो वर्षांत प्राणी कसे बदलत गेले, एकापासून दुसरे कसे झाले. पोरांना काही कळेना, तेव्हा सर म्हणाले, तुमच्या गावातच बघा. सोमाजीभाऊंनी वीस वर्षांत जे केलं तेच जगात लाखो वर्षं चाललंय. फरक इतकाच की तिथं निवडायला कोणी बसलेलं नाही, ते आपोआप होतं. कोंबड्याच्या पायावरचे खवले बघा म्हणाले, सरड्याचेच आहेत. लई जुनं नातं आहे.

सरड्याचं सोमाजीला काही वाटलं नाही. नातेवाईक कोणाचे कसे निघतील सांगता येत नाही. त्याचा साळाही काही कमी सरडा नव्हता. त्याला लागलं ते 'आपोआप'.

त्यानं हात धुतला आणि सरळ शाळेत गेला. मधली सुट्टी अजून चालू होती. सर वऱ्हांड्यात वह्या तपासत होते. सोमाजीनं खालूनच विचारलं, आपोआप म्हंजे काय? वीस वर्सं मी उन्हात बसलो, पोतं आपटून आपटून खांदा निखळला, बायकोच्या शिव्या खाल्ल्या, आन् तुमी म्हनता आपोआप? एक वर्स नाई निवडलं तं सारी खिचडी होते. कोनीतरी बसल्याबिगर काईच होत नाई!

सरांनी पेन ठेवलं. ते म्हणाले की वर्गात ते तेच सांगत होते. गावात तुम्ही निवडता, जंगलात कोण निवडतं, असा प्रश्न होता.

सोमाजीनं उत्तर ऐकून घेतलं नाही. रागात आलेल्या माणसाला समोरचा आपल्याच बाजूचा निघाला तर जास्त राग येतो. पोरं जमली, हेडमास्तर बाहेर आले, आणि सोमाजी जेवढं बोलायचं होतं त्याच्या दुप्पट बोलून शाळेबाहेर पडला.

वाटेत मारोतीच्या पारावर बापूजी बसले होते. बापूजी म्हणजे निवृत्त तलाठी. तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी लिहून झाल्यावर आता ते भागवत वाचत आणि देवळाचा कारभार बघत. शाळेच्या पालक समितीवरही तेच होते. त्यांनी सोमाजीला पाणी दिलं, सगळं ऐकलं, आणि म्हणाले की हे तोंडी बोलून भागायचं नाही, अर्ज करावा लागतो. त्यांच्या पिशवीत कागद असेच. अर्ध्या तासात सुवाच्य अक्षरात दोन पानं तयार झाली. सोमाजीला सही येत होती, वाचणंही येत होतं, पण दोन पानं वाचण्याइतका धीर त्या दिवशी नव्हता. सरांनी आपली मेहनत 'आपोआप' म्हटली हे त्यात आलंय का, एवढं त्यानं विचारलं. बापूजी म्हणाले, सगळं आलंय. सोमाजीनं सही ठोकली.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून फुटून नवा झाला होता, तरी बापूजींचा हात अजून जुन्या सवयीचा. त्यांनी पाकिटावर चंद्रपूर लिहिलं. अर्ज चंद्रपूरला गेला, तिथून फिरत गडचिरोलीला आला, आणि तोवर हिवरटोल्यात बरंच पाणी वाहून गेलं.

झालं असं की पोळा झाल्यावर एका संध्याकाळी दुर्गे सर स्वतःच सोमाजीच्या अंगणात आले. वर्गात तुमचं नाव न विचारता घेतलं, ते चुकलं, म्हणाले. आणि मग म्हणाले की तो कोंबडा बघायला मिळेल का.

कोंबडा बघायला मागणाऱ्याला सोमाजीनं कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यानं डाल उचलली. सर उकिडवे बसले आणि अर्धा तास कोंबडा बघत राहिले. पाय बघितले, पंख उलगडून बघितला, झिंगूची तलंग कशी होती, ट्रकवाल्याचा कोंबडा कसा होता, कोणत्या वर्षी शेपूट काळं झालं, सगळं विचारलं. वीस वर्षांत सोमाजीला एवढे प्रश्न कोणी विचारले नव्हते. पोलिसांनी विचारले होते, पण ते वेगळे.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी सर येऊ लागले. सोमाजी खाटेवर, सर ओट्यावर, कांता वही घेऊन दारात, आणि रुखमा, सोमाजीची बायको, चुलीपाशी बसून सगळं ऐकत. वाद एकच. सर म्हणत की जंगलात कोल्हा निवडतो, मुंगूस निवडतं, उन्हाळा निवडतो, रोग निवडतो, वर कोणी बसायची गरज नाही. सोमाजी म्हणे की कोल्ह्याला कोणी पाठवला ते सांगा. सर म्हणत की कोल्हा भूक लागली म्हणून येतो. सोमाजी म्हणे की भूक कोणी लावली. असं करत करत वाद दरवेळी विश्वाच्या मुळापर्यंत जाई आणि रुखमानं चहा ओतला की परत अंगणात येई.

'देवानं निवडलं काय आन् आपोआप झालं काय,' ती एकदा म्हणाली, 'रस्सा तं मलेच कराव लागते.'

कोजागिरीच्या सुमारास ऊन पुन्हा तापलं आणि कोंबड्यांवर मर आली, साथीचा रोग. आधी नदीकाठच्या गावांत आली, मग हिवरटोल्यात. पहिल्या दिवशी सोमाजीच्या दोन कोंबड्या डोळे मिटून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या माना वाकड्या झाल्या, हिरवी हगवण लागली. सोमाजीनं हळद चोळली, लसणाचं पाणी पाजलं, मारोतीला नारळ बोलला, गावदेवी मातामायला लुगडं बोलला. सरांनी सांगितलं म्हणून चामोर्शीच्या गुरांच्या दवाखान्यातही सायकलवर जाऊन आला. तिथं डॉक्टरांनी साफ सांगितलं की लस आधी टोचायची असते, आता उपाय नाही. सहा दिवसांत त्याचं खुराडं रिकामं झालं. तांबड्या मानेचा तो थोरला कोंबडाही गेला. शेवटपर्यंत उभा राहायचा प्रयत्न करत होता. रोग पुढ्यात पोतं आपटून येत नाही, त्यामुळे कुठं चालून जायचं ते त्याला कळलं नाही.

सोमाजीनं बांधीच्या कोपऱ्यात खड्डा खणला आणि वीस वर्षं त्यात पुरली. मग दोन दिवस तो रिकाम्या खुराड्यापाशी बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी पहाटे मागच्या मोहाच्या झाडावरून बांग आली.

ती बांग कोणाची ते सोमाजीला ओळखू आलं आणि त्याचं तोंड कडू झालं. तो बोडक्या होता. रुखमाच्या बहिणीनं दिलेल्या अंड्यांतून निघालेला, साध्या पिसांच्या आईचा पण जन्मतः उघड्या मानेचा कोंबडा. मानेवर पीस नाही, फक्त गळ्यापुढे एक झुबका, जणू दाढी करताना राहून गेलेला. पोतं आपटल्यावर तो असा पळाला होता की मागच्या कुंपणावरून सरळ मोहावर. त्याच्यासाठी मसाला वाटून तयार होता. तेव्हापासून तो झाडावर झोपायचा, जंगलाच्या कडेला चरायचा, आणि हात पुढे केला की गायब व्हायचा. रुखमानं वाटलेला मसाला वांग्यात घातला होता.

अख्ख्या गावात आता हा एकच कोंबडा जिवंत होता.

सर आले तेव्हा सोमाजी मोहाखाली बसून वर बघत होता. यावेळी त्याला वाद घालायचा नव्हता, खरंच विचारायचं होतं.

'सर, तुमी म्हनता रोग निवडते. बरं. मी म्हनतो देव निवडते. कोनीबी निवडू द्या, पन यालेच काऊन? याच्यात त्यानं काय पाह्यलं?'

सरांनीही मान वर करून बोडक्याकडे बघितलं. मग म्हणाले की कदाचित याच्या अंगात रोगाशी झुंजायची ताकद असेल. पण बहुतेक हा खुराड्यात नव्हता, एवढंच. बाकीचे एकाच डालीखाली, एकाच पाण्यावर. भाऊ, तुम्ही वीस वर्षं जागा न सोडणारे निवडले. ही मर जागा सोडणाऱ्याला पावली.

सोमाजीनं हे ऐकलं आणि त्याला दोन्ही बाजूंनी लागलं. आपोआप झालं म्हणावं तर वीस वर्षांच्या मेहनतीला जगाच्या लेखी काडीची किंमत नाही. देवानं केलं म्हणावं तर देवाला कोंबड्यातलं ओ की ठो कळत नाही. दुसरं त्याला जास्त जड गेलं. दुसऱ्या दिवशी उदबत्ती लावताना त्यानं मारोतीला ते तोंडावर सांगितलं. मारोतीनं ऐकून घेतलं.

मग त्यानं जे केलं त्यावर गाव हसलं. आठ दिवस मोहाखाली तांदूळ टाकून, रोज हातभर जवळ सरकत, त्यानं बोडक्याला खाली उतरवलं. ज्याच्यामागं तो चाकू घेऊन धावला होता, त्याच्यापुढं तो आता लाडीगोडी लावत बसला. डाल मात्र त्याच्यावर कधी झाकली नाही.

धान कापणी संपत आली तेव्हा अर्ज अखेर ठिकाणावर पोचला आणि एक शिक्षण विस्तार अधिकारी जीप घेऊन चौकशीला आले. शाळेचा शिपाई सोमाजीला शेतातून बोलवायला गेला. अर्जदार म्हणून.

सोमाजी अर्ज विसरूनच गेला होता. आठवल्यावर त्यानं विळा तिथंच बांधावर टाकला. तो घरी गेला, पाय धुतले, टोपी घातली आणि निघताना बोडक्याला बगलेत घेतलं. रुखमानं विचारलं, हे कायले? तो म्हणाला, साक्षीला.

हेडमास्तरांच्या खोलीत अधिकारी खुर्चीवर होते, बाजूला बापूजी, आणि भिंतीपाशी दुर्गे सर उभे होते. सोमाजीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. अधिकारी पन्नाशीचे, थकलेले. त्यांना उजेड असेतो गडचिरोलीला पोचायचं होतं. कोंबडा बघून त्यांनी भुवया वर केल्या, पण या भागात नोकरी करून त्यांनी बरंच पाहिलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला.

तेव्हा सोमाजीनं पहिल्यांदा ऐकलं की त्यानं कशावर सही केली होती. सदर शिक्षक वर्गात देव नाही असं सांगतात. सदर शिक्षक विद्यार्थ्यांच्या पूर्वजांना माकड म्हणतात. परमेश्वरानं निर्मिलेल्या जाती एकमेकींत मिसळतात व बदलतात असा अपप्रचार करतात. सदर शिक्षक स्वतः अमुक समाजाचे असल्यानं, आणि इथं जुन्या नावानं तो समाज लिहिलेला होता, त्यांचा यामागचा हेतू उघड आहे. सबब बदली व्हावी.

'आपोआप' हा शब्द त्यात कुठंच नव्हता.

अधिकाऱ्यांनी विचारलं, ही सही तुमची? सोमाजी म्हणाला, माझी. सरांनी देव नाही असं सांगितलं? सोमाजी म्हणाला की नाही सांगितलं. त्यानं स्वतः तीन महिने त्यांच्या तोंडून ते काढायचा प्रयत्न केला, तरी ते म्हणत की माझ्या घरी नाही, तुमच्या घरचं तुम्हाला ठाऊक, पुस्तकात आहे तेवढं मी शिकवतो.

बापूजी खाकरले. कोंबड्याचा मुद्दा क्षुल्लक आहे, म्हणाले. तत्त्वाचा मुद्दा असा की चौऱ्याऐंशी लक्ष योनी भगवंतानं निर्माण केल्या, प्रत्येक जातीला तिचं स्थान दिलं, आणि एक जात दुसरी होत नाही. हे शास्त्र आहे.

सोमाजी आतापर्यंत खाली बघत होता. त्यानं मान वर केली.

'बापूजी, मी केली.'

'काय केली?'

'जात. मी केली. गोंडाची तलंग आन् तेलंग्याचा कोंबडा. वीस वर्सं लागली. तुमी सोता कोंबडबाजारात येऊन पाह्यली, आन् म्हनले का अशी जात कुठी दिसत नाई.'

हेडमास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. बापूजी भागवत वाचू लागल्यापासून कोंबडबाजारात जात नाहीत असा गावात समज होता. ते घाईनं म्हणाले की कोंबड्याची जात वेगळी आणि माणसाची वेगळी, दोन्हींची गल्लत करू नये.

त्यावर दुर्गे सर पहिल्यांदा बोलले. आवाज चढवला नाही.

'बापूजी, त्या अर्जात माझी जात लिहिली आहे. ती कोणत्या धड्यात होती?'

बापूजी पिशवीतले कागद चाळू लागले. बोडक्यानं सोमाजीच्या बगलेतून मान लांब करून टेबलावरच्या टाचणीकडे बघितलं.

सोमाजीनं डोक्यावरची टोपी काढली. त्यानं अधिकाऱ्यांना विचारलं की माझं नाव यातून खोडता येते का. ते म्हणाले की सरकारी कागद आहे, खोडता येत नाही, पण जबाब देता येतो. मग सोमाजीनं जबाब सांगितला आणि त्यांनी लिहून घेतला. अर्जावर आपण न वाचता सही केली. सर चांगलं शिकवतात. राग आला होता तो आपल्या मेहनतीवरून आला होता, देवावरून नाही. देवाचं म्हणाल तर साहेब, या कोंबड्याकडं पाहा. वीस वर्सं मी निवडले ते सारे मेले आन् हे ध्यान वाचलं. हे देवानं निवडलं असन, तं देवाले सरांच्या वर्गात बसवा, आन् नसन निवडलं, तं त्याच्या नावानं सरांवर कायले खटला भरता?

अधिकाऱ्यांनी शेवटचं वाक्य लिहिलं नाही. पेन बंद करून त्यांनी कोंबडा जवळून बघितला आणि विचारलं, याला मानेवर पिसं येतच नाहीत का? नाही, सोमाजी म्हणाला. उन्हाळ्यात बरं पडत असेल, ते म्हणाले, आणि अर्ज फायलीत घातला. पाठ्यपुस्तकातील भाग, तक्रारीत तथ्य नाही, असा शेरा पुढे महिन्याभरानं आला.

त्या संध्याकाळी सर अंगणात आले नाहीत. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या दिवशी सोमाजी स्वतः शाळेमागच्या खोलीवर गेला. दारात उभा राहून त्यानं माफी मागायची म्हणून बरीच जुळवाजुळव केली होती, पण तोंडातून निघालं ते एवढंच की तुमी येऊन नाई राह्यले, तं बोडक्या खाऊन नाई राह्यला. हे धादांत खोटं होतं. बोडक्या दोघांचं खात होता. सर हसले नाहीत. म्हणाले की वाचायला पाहिजे होतं, भाऊ. सोमाजी म्हणाला, हो. मग सरांनी आत बोलावलं, आणि सोमाजी त्या खोलीत पहिल्यांदा बसला आणि सरांच्या हातचा चहा प्यायला. फारच पांचट होता. घरी आल्यावर त्यानं रुखमाला सांगितलं की उद्या सर जेवायला येतील, आत, आपल्यासंगं. रुखमा म्हणाली, मंग कोंबडं कुठून आनू? शेवटी तिनं अंडी केली, चामोर्शीहून मागवून.

देवळाच्या कारभारात सोमाजीचंही नाव होतं, ते वगळण्यात आलं. त्याचं त्याला फार वाटलं नाही. बापूजींचं भागवत चालू राहिलं. श्रोते जरा कमी झाले, पण तो धानाच्या मळणीचा हंगामही होता.

माघात झिंगू मडावीनं दोन साध्या देशी कोंबड्या पाठवल्या. बोडक्या त्यांच्यावर खूश झाला. कोंबड्या खुडूक बसल्या तेव्हा सरांनी ओट्यावर खडूनं चार चौकोन काढले आणि सांगितलं की बोडक्याची आई साध्या मानेची होती ना, मग याच्या पिल्लांत निम्मी बोडकी निघतील आणि निम्मी साधी. सोमाजी पोट धरून हसला. पिल्लू काय वाटणीची जमीन आहे? वीस वर्षांत त्यानं पिल्लं मोजून निघालेली बघितली नव्हती.

दोन्ही कोंबड्यांखाली मिळून बावीस पिल्लं निघाली. कांतानं एकेक उचलून मानेवरून बोट फिरवत दोन टोपल्यांत टाकली. अकरा आणि अकरा.

सोमाजी किती तरी वेळ टोपल्यांकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं जे मर येऊन गेल्यापासून कोणी बघितलं नव्हतं.

'आता बोला सर. इतकं बरोबर मोजून कोन वाटते? कोनीतरी बसला हाय वरतं!'

सर स्वतःच जरा चकित झाले होते. ते सांगू लागले की हा योगायोग आहे, निम्मं हे सरासरीनं धरायचं असतं, एवढं नेमकं सहसा येत नाही. नियम आहे म्हणूनच कोणी बसायची गरज नाही, हे तर यातून सिद्ध होतं. सोमाजी म्हणाला की नियम आहे म्हणजे नियम करणारा आहे, तुम्ही तलाठी पाहिला नाही का. दोघांनाही त्याच बावीस पिल्लांत आपापली बाजू जिंकलेली दिसत होती, आणि त्या संध्याकाळी चहा तीनदा झाला.

उन्हाळ्यात दुसरं वेत निघालं. दहा पिल्लं, त्यात बोडकी तीन. सर म्हणाले, बघा, भाऊ. सोमाजीनं टोपली फिरवून पुन्हा मोजली. तीनच होती.

'त्या दिसी देव घरी नसन,' तो म्हणाला, आणि पोतं न आपटता सगळी पिल्लं अंगणात सोडून दिली. एक तिथंच उभं राहिलं, बाकीची जिकडं तिकडं पळाली, आणि रुखमा झाडू घेऊन चुलीकडे गेलेल्यांना हाकलू लागली.